परतणारे रक्त आणि हृदयाचा स्नायू

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात सिरोंचा येथे दिलेले भाषण)



मंडळाच्या चिटणीसांनी आम्हांस भाषणाचे आमंत्रण दिले तेव्हा मुलांच्या शिक्षणावर चार शब्द बोलावेत अशी त्यांची सूचना होती. आयुष्यभर खडू झिजविलेल्या मनुष्याकडून तीच अपेक्षा असावयाची. परंतु त्या विषयावर बोलणारी मंडळी आपल्यांत पुष्कळ आहेत आणि त्यांची वाणी आमच्याहून रसाळ आहे. आज आम्ही केवळ एका वाक्याचा विचार करण्यासाठी उभे आहोत. हे वाक्य तेराव्याच्या पंगतीत, बाजारात, एस.टी.च्या थांब्यावर आपण सर्वांनी ऐकले आहे : "चांगले बोलत होते, सुई टोचली आणि गेले."

हृदयविकाराचा झटका आलेल्या रोग्यास रक्ताची गुठळी विरघळविण्यासाठी जी सुई देतात, तिच्याविषयीचे हे वाक्य होय. ते सर्वस्वी खोटे असते तर त्याचा समाचार घेणे सोपे गेले असते. परंतु त्यात सत्याचा एक कण आहे, आणि तो कण वेगळा काढून दाखविल्यावाचून बाकीचा खोटा भाग लोकांच्या मनातून जाणार नाही. आमचे शिक्षण शालान्त परीक्षेपलीकडे गेलेले नाही. आम्ही वैद्यकशास्त्राचे पदवीधर नव्हे. तथापि या विषयावर मिळेल ते वाचले, समजले नाही ते जाणत्या डॉक्टरांस विचारले, आणि शाळेत सातवीच्या मुलांस पाठ समजावून द्यावा त्याप्रमाणे आज आपणांपुढे मांडीत आहोत.

हृदय हा एक स्नायूचा पंप आहे. प्रौढ माणसाच्या हृदयाचे वजन सुमारे ३०० ग्रॅम, आणि दिवसाकाठी त्याचे ठोके सुमारे एक लाख. सर्व शरीरास रक्त पुरविणारा हा पंप स्वतःच्या पोटातील रक्तावर मात्र जगत नाही, ही त्याची गंमत म्हणावी की शोकांतिका, ते आपण ठरवावे. त्याच्या भिंतीला रक्त मिळते ते बाहेरून येणाऱ्या धमन्यांतून. मुख्य शाखा तीन; जाडी एखाद्या बारीक नळीएवढी. या धमनीच्या आतल्या अस्तरात वर्षानुवर्षे चरबीचा थर साचतो. एके दिवशी त्या थराला चीर पडते, त्यावर रक्त गोठते, आणि गुठळीने वाट बंद होते. वाट बंद झाली की तिच्या पलीकडचा स्नायू उपाशी पडतो. यालाच आपण झटका म्हणतो.

हा स्नायू तत्काळ मरत नाही, ही गोष्ट प्रथम ध्यानी घ्यावी. रक्त थांबताच तो भाग काही क्षणांत आकुंचन पावणे सोडून देतो. जणू संकटात खर्च आवरतो. प्राणवायू नसल्यामुळे तो साखरेवर कशीबशी गुजराण करतो, आणि त्या गुजराणीतून त्याच्या पेशींत आम्ल साचू लागते. सोडियम आत शिरतो, पोटॅशियम बाहेर पडतो, सर्व घडी विसकटते. सुमारे वीस मिनिटांनंतर पेशी कायमच्या मरू लागतात. प्रथम हृदयाच्या आतील बाजूच्या, मग लाटेप्रमाणे बाहेरच्या दिशेने. अमेरिकेत रायमर आणि जेनिंग्ज या संशोधकांनी १९७७ साली कुत्र्यांच्या हृदयांवर हे मोजून दाखविले. धमनी चाळीस मिनिटे बांधून सोडली तर धोक्यातील स्नायूपैकी सुमारे ३८ टक्के मेला. तीन तासांनी सोडली तर ५७ टक्के. सहा तासांनी ७१ टक्के. मनुष्याचे हृदय म्हणजे कुत्र्याचे नव्हे, आणि प्रत्येक माणसाची आडवाटेने रक्त मिळण्याची सोय निरनिराळी असते. तरीही लाटेची दिशा तीच.

येथवरचे बहुतेकांस ठाऊक असते. वाट बंद झाली, ती उघडावी, रक्त सुरू करावे, काम झाले, असे आपण समजतो. याच जेनिंग्ज यांनी त्याआधी, १९६० साली, एक विलक्षण गोष्ट नोंदविली होती. धमनी काही काळ बांधून मग सोडली, तर रक्त परतल्यानंतर अर्ध्या ते एका तासातच स्नायूमध्ये अशी मोडतोड दिसे की जी धमनी कायमची बांधलेल्या हृदयात दिसावयास चोवीस तास लागतात. म्हणजे रक्त परत आले तेव्हा नासधूस थांबण्याऐवजी ती घाईने झाली! जीवनदायी रक्त आणि त्याच्या आगमनाने विध्वंस, ही कल्पना मनास पटणे कठीण. १९८५ साली ब्राउनवाल्ड आणि क्लोनर या दोन विख्यात हृदयतज्ज्ञांनी एका लेखाच्या मथळ्यातच प्रश्न केला की या परतणाऱ्या रक्तास दुधारी तलवार म्हणावे काय.

हे असे का व्हावे? आपल्या घरातील अनुभवच घेऊ. दीर्घ उपवासानंतर म्हातारी माणसे पारण्याच्या दिवशी पुरणपोळीवर हात मारू देत नाहीत. आधी पेज, आंबील, मग हळूहळू अन्न. उपाशी देहाने आपली सर्व व्यवस्था उपासमारीस जुळवून घेतलेली असते. तिच्यावर एकाएकी भरल्या ताटाचा भार पडला तर तो तिला पेलत नाही. उपाशी स्नायूचेही तसेच. त्याच्या पेशींत तंतुकणिका नावाच्या लहान लहान भट्ट्या असतात. प्राणवायू जाळून शक्ती निर्माण करणे हे त्यांचे काम. प्राणवायूविना पडलेल्या या भट्ट्यांत अर्धवट कच्चा माल साचलेला असतो. प्राणवायू एकदम आला की तो नीट जळण्याऐवजी त्यातून ठिणग्यांसारखे अतिशय तापट रेणू उडतात आणि आसपासची पटले जाळतात. त्याच वेळी रक्ताने साचलेले आम्ल भराभर धुऊन निघते. हे चांगले वाटते खरे. परंतु पेशीच्या आतले आम्ल बाहेर टाकताना तिला बदल्यात सोडियम आत घ्यावा लागतो, आणि तो सोडियम काढण्याच्या खटपटीत कॅल्शियम आत लोटला जातो. कॅल्शियम म्हणजे स्नायूला आकुंचन पावण्याचा हुकूम. हुकूम इतका प्रचंड येतो की पेशी मूठ आवळावी तशी आवळते आणि पुन्हा सैल होत नाही. काही पेशी या आवळण्यानेच फाटतात. तिकडे तंतुकणिकांच्या भिंतींत एक छिद्र उघडते आणि भट्टीच निकामी होते. आम्ल होते तोवर हे छिद्र बंद होते, ही यातील मौज. म्हणजे ज्या आम्लास आपण शत्रू समजत होतो तेच काही काळ दाराला कडी लावून बसले होते.

येथे वर्गातील एखादा हुशार मुलगा उभा राहून विचारील की, गुरुजी, या पेशी रक्त येण्यापूर्वीच मेलेल्या नसतील कशावरून? रक्त आले आणि मृत्यू केवळ उघडकीस आला, असे का म्हणू नये? हा प्रश्न पोरकट नाही. मोठमोठे विद्वान यावर कित्येक वर्षे भांडले. त्याचे उत्तर बऱ्याच अंशी २००३ साली मिळाले. अमेरिकेतील अटलांटा येथे झाओ, विंटन-योहान्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यांची धमनी बांधून ठेवली आणि सोडताना ती एकदम न सोडता तीस सेकंद सोड, तीस सेकंद बांध, असे तीन वेळा करून मग पूर्ण सोडली. बांधून ठेवण्याचा काळ दोन्हीकडे तोच. फरक फक्त सोडण्याच्या रीतीत. तरीही मेलेला स्नायू बराच कमी भरला. सोडण्याच्या रीतीने जर फरक पडतो, तर नुकसानीचा काही वाटा सोडण्याचाच असला पाहिजे. आमच्या मते हा पुरावा वकिलाने मांडावा इतका चोख आहे.

परतणाऱ्या रक्ताची ही इजा निरनिराळ्या रूपांनी दिसते. कधी रक्त सुरू होताच ठोक्यांची लय बिघडते. पडद्यावरच्या रेषा वेड्यावाकड्या धावतात. बहुधा हे थोड्या वेळात शमते, परंतु क्वचित् ते प्राणावर बेतते, आणि म्हणूनच अशा रोग्याच्या उशाशी विजेचा धक्का देण्याचे यंत्र तयार ठेवतात. कधी मोठी धमनी उघडते, तपासणीत ती स्वच्छ दिसते, पण तिच्यापुढच्या केसाहून बारीक वाहिन्या सुजलेल्या, पांढऱ्या पेशींनी आणि गुठळीच्या कणांनी तुंबलेल्या असतात. मोठा पाट वाहता झाला तरी बांधीत पाणी पोचत नाही. हे रूप फार वाईट. आणि कधी स्नायू जिवंत असतो, रक्तही मिळते, परंतु तो बधिर झालेला असतो. काही दिवस, काही आठवडे हलत नाही आणि मग आपसूक कामाला लागतो. हे शेवटचे रूप आपण विसरू नये. त्याच्याकडे पुढे यावयाचे आहे.

आता जो अनुभव या तालुक्यातील प्रत्येक गावास आहे त्याकडे वळू. पावसाळ्यात धानाच्या बांधीत किंवा मोहफुले वेचताना कुणास साप डसला की पहिले काम म्हणजे पायास दोरी करकचून बांधणे. घोणस असो, नाग असो, मण्यार असो, दोरी ठरलेली. मग दोन-तीन तासांनी रोगी दवाखान्यात पोचतो आणि कुणीतरी उत्साहाने ती दोरी सट्‌कन कापतो. त्यानंतर मनुष्य कोसळला तर लोक म्हणतात, दोरी होती तोवर ठीक होते. वस्तुतः दोरीखालच्या पायात इतका वेळ रक्त नव्हते. तेथे आम्ल साचले, पोटॅशियम साचले, आणि विष तर होतेच. दोरी सुटताच तो सारा ऐवज एका दमात हृदयाकडे धावला. म्हणून शिकलेले डॉक्टर प्रतिविषाची तयारी ठेवल्याशिवाय घट्ट दोरी सोडीत नाहीत, आणि मुळात अशी दोरी बांधूच नये असे शिकवितात. डसलेला अवयव हलू न देता, पट्टीने आधार देऊन, रोग्यास धीर देत दवाखान्यात न्यावे. हे आम्ही जाता जाता सांगितले. परंतु या सभेतून एवढे एक घेऊन कुणी घरी गेला तरी आम्ही समाधान मानू. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बाँब पडले तेव्हा घराच्या ढिगाऱ्याखाली तासन्‌तास हातपाय चेपलेली माणसे बाहेर काढल्यावर प्रथम बरी दिसत आणि मग त्यांची मूत्रपिंडे बंद पडत. बायवॉटर्स आणि बील या डॉक्टरांनी १९४१ साली त्याचे वर्णन केले. दोरी, ढिगारा, गुठळी. तिन्ही ठिकाणी अडलेले परत येण्याच्या घटकेसच धोका.

आता सुरुवातीच्या वाक्याकडे. "सुई टोचली आणि गेले." यातील सत्याचा कण कोणता? गुठळी विरघळविणाऱ्या औषधांच्या नऊ मोठ्या चाचण्यांचा एकत्रित हिशेब १९९४ साली प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ५८,६०० रोगी होते. त्या हिशेबात असे आढळले की पहिल्या एक-दोन दिवसांत औषध मिळालेल्या गटात मृत्यू किंचित् अधिक झाले! विशेषतः ज्यांस औषध फार उशिरा मिळाले त्यांच्यांत आणि वृद्धांत. मेंदूत रक्तस्राव होण्याचे प्रमाणही हजारी सुमारे चार इतके वाढले. म्हणजे लोक जे पाहतात ते सर्वस्वी भ्रम नाही. परंतु लोक तेवढेच पाहतात. त्याच हिशेबात, झटक्यापासून सहा तासांच्या आत औषध मिळालेल्या दर हजार रोग्यांमागे, औषध न मिळालेल्यांच्या तुलनेने, महिनाभरात सुमारे तीस जीव अधिक वाचले. सात ते बारा तासांत मिळाले तर सुमारे वीस. जे तीस वाचले ते कोण, हे कुणास दिसत नाही. ते आपल्या दुकानात बसलेले असतात, नातवास शाळेत सोडीत असतात. त्यांच्या नावाने तेराव्याची पंगत बसत नाही, म्हणून त्यांची चर्चाही होत नाही. इटलीमध्ये १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अकरा हजारांवर रोगी होते. त्यांपैकी ज्यांना झटक्यापासून तासाभरात औषध मिळाले त्यांच्यातील मृत्यू जवळजवळ निम्म्याने घटले. औषध तेच, मात्रा तीच, फरक घड्याळाचा.

आणि येथेच आमच्या सांगण्याचा मुख्य गाभा आहे. परतणारे रक्त इजा करते म्हणून रक्त परत आणू नये, असा निष्कर्ष काढणे म्हणजे उपाशी माणसास अन्न सोसत नाही म्हणून उपाशीच ठेवण्यासारखे आहे. रक्त न आले तर त्या वाटेवरील बहुतेक स्नायू निश्चितच जाणार. शिवाय परतीची इजासुद्धा उशिरानेच वाढते. स्नायू जितका अधिक वेळ उपाशी, तितका परतीचा आघात मोठा. पहिल्या तासात रक्त आले तर स्नायू बहुधा ते पचवितो. दहाव्या तासात आले तर पचविण्याजोगा स्नायूच थोडा उरलेला असतो.

आमच्या परिचयातील दोन घरांची हकीकत सांगतो. नावे घेणे उचित नव्हे. पहिल्या घरातील कर्त्या गृहस्थांच्या छातीत संध्याकाळी दुखू लागले. पित्त असेल म्हणून सोडा झाला, ओवा झाला, शेक झाला. रात्र तळमळत काढली. सकाळी घामाने भिजलेले शरीर घेऊन ते एका दवाखान्यात पोचले तेव्हा दहा तास उलटून गेले होते. सुई दिली गेली. दुपारी ते गेले. गावात एकच बोलणे उठले, ते आपणांस ठाऊक आहे. सोड्याने मारले असे कुणी म्हटले नाही, रात्रीने मारले असेही नाही. पुढील वर्षी दुसऱ्या घरात तसाच प्रसंग आला. तेथे मंडळी वेळेत, दीड तासाच्या आत पोचली होती. डॉक्टरांनी सुईची संमती मागितली आणि मुलांनी मागच्या वर्षीची गोष्ट आठवून हात जोडून नकार दिला. ते गृहस्थ वाचले. परंतु हृदयाचा मोठा भाग गेला, आणि जो मनुष्य पोळ्याला बैलांपुढे गावभर चालत असे तो आज अंगणातून विहिरीपर्यंत जाताना दोनदा थांबतो. पहिल्या गोष्टीचा बोलबाला झाला. दुसरी कुणी सांगत नाही. आम्हांस तर दुसरीच अधिक क्लेशदायक वाटते, कारण तेथे वेळ हाताशी होता.

मग परतीची इजाच टाळणारे औषध नाही काय? त्यासाठी जगभर पराकाष्ठा झाली. १९८६ साली मरी, जेनिंग्ज आणि रायमर यांनी दाखविले की कुत्र्याची धमनी आधी पाच-पाच मिनिटे चार वेळा बांधून सोडली, म्हणजे हृदयास थोडी उपासाची सवय लावली, तर नंतरच्या चाळीस मिनिटांच्या उपासमारीत मरणारा स्नायू चौथाईवर येतो. पण झटका आगाऊ कळवून येत नाही, तेव्हा सवय लावावी कधी? पुढे सायक्लोस्पोरिन नावाच्या औषधाने २००८ साली फ्रान्समधील ५८ रोग्यांत आशा दाखविली. २०१५ साली ९७० रोग्यांवर मोठी चाचणी झाली तेव्हा ती आशा मावळली. दंडावर रक्तदाबाचा पट्टा फुगवून-सोडून दुरूनच हृदयास सावध करावे, अशीही एक सुंदर कल्पना निघाली. २०१९ साली युरोपातील ५,४०१ रोग्यांचा निकाल आला. लाभ दिसला नाही. आमच्यासारख्या शिक्षकास या अपयशांच्या कथा फार आवडतात. कुत्र्यात, डुकरात, मूठभर माणसांत जे साधले ते हजारो माणसांत साधत नाही असे दिसल्यावर ते मोकळेपणाने छापणारे लोक विश्वासास पात्र असतात. आज परतीच्या इजेवर सर्वमान्य असे औषध नाही. लवकर उघडणे हाच उपाय.

प्राणवायूविषयी येथेच सांगून टाकतो, कारण करोनाच्या साथीपासून आपल्या मंडळींचा सिलिंडरवर फार विश्वास बसला आहे. रोगी दवाखान्यात पोचला की नातेवाईक "आधी ऑक्सिजन लावा" म्हणून हट्ट धरतात. स्वीडनमध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, ज्यांच्या रक्तात प्राणवायू पुरेसा होता अशा ६,६२९ संशयित रोग्यांपैकी निम्म्यांस वरून प्राणवायू दिला. मृत्यूत काही फरक पडला नाही. ज्यांचा प्राणवायू कमी झाला आहे त्यांस तो अवश्य हवा. तो निर्णय बोटावरचे यंत्र पाहून डॉक्टरांनी करावा.

हे सर्व परदेशीयांचेच कर्तृत्व, असे मात्र समजू नये. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन आणि त्यांचे सहकारी डॉ. उदवाडिया, डॉ. किनरे, डॉ. परूळकर यांनी साठच्या दशकात एक अजब वाट चोखाळली. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या हृदयाच्या भिंतीस आतल्या पोकळीतूनच बरेचसे रक्त मिळते. तसेच मनुष्याच्या हृदयाच्या भिंतीत सुईने बारीक छिद्रे पाडून आतूनच रक्त पुरवावे काय, याचे प्रयोग त्यांनी केले आणि १९६५ साली ते प्रसिद्ध केले. सापास भिऊन दोरी बांधणाऱ्या आपल्या प्रदेशास हे ऐकून नवल वाटेल. याच डॉ. सेन यांनी १६ फेब्रुवारी १९६८ रोजी, दक्षिण आफ्रिकेतील डॉ. बर्नार्ड यांच्या पहिल्या हृदयारोपणानंतर अडीच महिन्यांच्या आत, भारतातील पहिले हृदयारोपण केले. रोगी काही तासच जगला. एका देहातून काढलेले हृदय रक्ताविना राहते आणि दुसऱ्या देहात त्यात रक्त परत सोडावे लागते. अडलेल्या व परतलेल्या रक्ताचा हाच पेच तेथे शस्त्रक्रियेच्या टेबलावर उभा असतो. म्हणून काढलेले हृदय थंड ठेवतात आणि पोटॅशियमयुक्त द्रावणाने निजवितात. निजलेल्याची भूक कमी.

आता आपल्या सिरोंच्याचे पाहू. "हे शहरी लोकांचे रोग" असे म्हणण्याचे दिवस गेले. आपल्याच जिल्ह्यात डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ८६ गावांतील मृत्यूंची कारणे शोधली. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मृत्यूचे पहिले कारण निघाले पक्षाघात, शेकडा १४.३. पक्षाघात बहुधा मेंदूच्या धमनीत गुठळी अडकल्याने होतो, काही वेळा ती फुटल्याने. म्हणजे हृदयाच्या झटक्याचा तो सख्खा भाऊच. डॉ. अभय बंग यांस स्वतःस हृदयविकार झाला आणि त्यांनी त्यावर 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' हे पुस्तक लिहिले, ते आपल्यांपैकी पुष्कळांच्या घरी असेल.

आपला तालुका प्राणहिता, गोदावरी आणि इंद्रावती यांच्या कवेत. जिल्ह्याचे ठिकाण गडचिरोली दोनशे किलोमीटरांच्या वर, आणि आलापल्लीपर्यंतच्या रस्त्याविषयी या सभेत काही सांगणे म्हणजे मातेपुढे मावशीचे वर्णन करणे. पूर्वी पलीकडे जाण्यास नाव लागे. आता प्राणहितेवर आणि गोदावरीवर पूल आहेत आणि आपली माणसे मंचेरियाल, करीमनगर, वरंगळकडे धाव घेतात. जावे, परंतु आधी थांबावे कोठे, हे कळले पाहिजे. धमनीत नळी घालून फुगा फुगविण्याची सोय दोन तासांच्या आत मिळणार नसेल, तर जवळच्या ठिकाणी सुई देऊन मग पुढे मोठ्या रुग्णालयात पाठवावे, अशी जगभर मान्य झालेली रीत आहे. आपल्या अंतरांचा विचार करता आपणांस बहुधा हीच रीत लागू. तेव्हा घरासमोर गाडी आली की थेट वरंगळ धरू नये. जेथे ईसीजी निघतो आणि सुई मिळते अशा सर्वांत जवळच्या ठिकाणी प्रथम जावे. ते ठिकाण कोणते, याची चौकशी आज करावी, झटक्याच्या रात्री नव्हे. मंडळाच्या दोन तरुण सभासदांनी सरकारी दवाखान्याच्या अधिकाऱ्यांस नम्रपणे भेटून विचारावे की, महाराज, आपल्याकडे ही सुई आहे काय, रात्री ईसीजी कोण काढतो, १०८ ची गाडी सध्या कोठे उभी असते. उत्तर कागदावर लिहून प्रत्येक घरी द्यावे. सरस्वतीच्या फोटोशेजारी तो कागद शोभून दिसेल.

छातीच्या मध्यभागी दाब, तो जबड्याकडे वा डाव्या हाताकडे जाणे, दरदरून घाम, जीव घाबरा होणे, हे ओळखण्याचे मुद्दे. स्त्रियांस आणि मधुमेह्यांस नुसता धाप किंवा मळमळ होऊनही झटका येतो, म्हणून घरातील स्त्रीने "आज काही बरे वाटत नाही" म्हटले तर चुलीपाशी बसवू नये. ॲस्पिरिनची साधी ३०० मिलिग्रॅमची गोळी चावून देण्याचा सल्ला डॉक्टर देतात. ज्यांस तिचे वावडे आहे किंवा पोटातून रक्त जाते त्यांनी ती घेऊ नये. १९८८ च्या एका प्रचंड चाचणीत, १७,१८७ रोग्यांत, या स्वस्त गोळीने आणि सुईने मिळून मृत्यू शेकडा १३.२ वरून ८ वर आणले. डॉक्टर संमती मागतील तेव्हा पूर्वी पक्षाघात झाला होता काय, नुकतीच शस्त्रक्रिया झाली काय, रक्तस्राव होतो काय, हे सर्व खरे सांगावे. कारण काहींस ही सुई खरोखरच देऊ नये. ते ठरविणे डॉक्टरांचे काम, आणि वाक्यावरून ठरविणे कुणाचेच नव्हे.

सुईनंतर दुखणे थांबले की आपली मंडळी डबा आवरू लागतात. तसे करू नये. परतलेल्या रक्ताने लय बिघडण्याचा, हृदय मंदावण्याचा धोका पहिल्या एक-दोन दिवसांतच असतो, आणि धमनीची पुढील तपासणीही बहुधा चोवीस तासांच्या आतच करावयाची असते. रोग्यास देखरेखीतून उचलून "घरच्या हवेत" आणणे म्हणजे पुरातून काढलेल्यास पुन्हा काठावर ठेवणे.

राहिला तो बधिर स्नायू. झटक्यानंतर दोन-तीन दिवसांनी टूडी इको काढतात आणि कागदावर हृदयाच्या शक्तीचा एक आकडा येतो. सुदृढ माणसाचा तो पंचावन्न-साठच्या घरात असतो; झटक्यानंतर तो पस्तीस आला की घरात रडारड सुरू होते, शेतीच्या वाटण्यांची भाषा सुरू होते. परंतु त्या दिवशी जो भाग हलत नव्हता तो सगळाच मेलेला नसतो. त्यातला काही केवळ बधिर असतो. औषधे नियमित घेतली तर सुमारे सहा आठवड्यांनी काढलेल्या दुसऱ्या इकोत तो आकडा पुष्कळदा वर चढलेला दिसतो. म्हणून पहिला कागद नीट जपून ठेवावा आणि दुसरा इको काढण्याची तारीख दवाखाना सोडण्यापूर्वीच लिहून घ्यावी.  अध्यक्षमहाराजांनी घड्याळाकडे पाहिलेले आम्ही पाहिले आहे. कुणास काही विचारावयाचे असल्यास भोजनानंतर मंडपाच्या डाव्या बाजूस आम्ही बसलेले असू.